डॉक्टर, आधी क्लास्प उघडून पाहा

वाचकाचं पत्र: मी नाशिकची निवृत्त नेत्रशल्यविशारद. निवृत्तीच्या वेळी, मे २०२३ मध्ये, मुंबईच्या अधिकृत शोरूममधून स्वतःसाठी रोलेक्सचं डेटजस्ट घड्याळ घेतलं. ३६ मिलिमीटरचं, स्टील आणि सोन्याचं, ज्युबिली चेनचं. आयुष्यात स्वतःवर एवढा खर्च पहिल्यांदाच केला. शोरूममध्ये दोन कड्या काढून दिल्या, पण बाहेरच्या उकाड्यात तासाभरात घट्ट वाटायला लागलं म्हणून परत गेले. तिथल्या मुलानं क्लास्प, म्हणजे चेन बंद करायची कळ, उघडून आत काहीतरी केलं आणि लगेच सैल झालं. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आठ किलो वजन उतरलं. आता घड्याळ फिरून मनगटाच्या खाली जातं. भाच्यानं ऑनलाइन तीनशे रुपयांचा कड्या काढायचा संच मागवून दिला आहे. यजमान म्हणतात, हात लावू नकोस, मुंबईलाच जाऊ. तीस वर्षं मोतीबिंदूची ऑपरेशनं केली, मला एक स्क्रू फिरवता येणार नाही का?

नमस्कार डॉक्टर,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. स्क्रू तुम्हाला नक्की फिरवता येईल. इतका स्थिर हात आणि मोठ्या भिंगाखाली काम करायची इतकी सवय आम्हा घड्याळजींच्या धंद्यातही थोड्यांनाच असते. हाताची मला चिंता नाही. चिंता आहे ती त्या तीनशे रुपयांच्या संचातल्या स्क्रूड्रायव्हरची, आणि कारखान्यातून येतानाच त्या स्क्रूच्या आट्यांना जे लावून दिलेलं असतं त्याची.

पण स्क्रूपर्यंत जायच्या आधी एक काम करा. घड्याळ काढून उजेडात बसा आणि क्लास्प पूर्ण उघडा. चेन क्लास्पला आतल्या बाजूनं जिथं जोडली आहे तिथं घडी होणारी एक छोटी कडी दिसेल. रोलेक्स तिला इझीलिंक म्हणतं. ती बाहेर ओढली की चेन ५ मिलिमीटरनं वाढते, घडी करून आत दाबली की तेवढीच कमी होते. हत्यार लागत नाही, नख पुरतं. त्या दिवशी शोरूममधल्या मुलानं ‘आत काहीतरी केलं’ ते बहुधा हेच. म्हणजे गेली सगळी वर्षं तुमचं घड्याळ उघड्या इझीलिंकवर चाललं असण्याची दाट शक्यता आहे. तसं असेल तर ती मिटवा. ‘टक’ असा आवाज येऊन जागेवर बसेल. मग क्लास्प लावून हात झटकून बघा.

५ मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण मनगटावर ते पुष्कळ होतात. एका कडीची लांबी साधारण तेवढीच किंवा थोडी जास्त असते, तेव्हा घडी मिटवणं म्हणजे जवळजवळ एक कडी काढल्यासारखंच आहे. आठ किलो उतरल्यावर मनगट किती बारीक झालं असेल ते पत्रावरून कळत नाही, पण निम्मं काम तरी एवढ्यानं व्हावं.

एक सूचना मात्र आहे. ती कडी मिटवून घड्याळ बरोबर बसलं, तर उन्हाळ्यासाठी पुन्हा उघडायला ती शिल्लक राहील. हे फार सोयीचं. उलट ती उघडीच ठेवून वर कडी काढून घेतली, तर मे महिन्यात मनगट सुजल्यावर हातात काहीच उरणार नाही. म्हणून माप नेहमी घडी मिटवून घ्यायचं. शोरूममध्येही हे सांगावं लागतं, कारण गिऱ्हाईक समोर उभं असलं की काम पटकन उरकण्याकडे कल असतो.

माप घ्यायची वेळही बघा. सकाळी उठल्यावर मनगट बारीक असतं, संध्याकाळी फिरून आल्यावर फुगलेलं. मी गिऱ्हाइकाला दुपारनंतरच बोलावतो. क्लास्प आणि मनगट यांच्यात करंगळीचं टोक सहज जायला हवं, पण करंगळी पूर्ण सरकता कामा नये. हात खाली सोडल्यावर घड्याळ मनगटाच्या हाडावरून बोटांकडे उतरायला लागलं तर सैल आहे. हात मागे वाकवल्यावर चावी (बाजूची वेळ लावायची गुंडी) पंजात रुतली तर ते फार पुढे येऊन बसलंय. त्वचेवर कड्यांचे वळ उठले तर घट्ट. आठवडाभर असं वापरून बघा. एका दिवसाच्या मापावर कडी काढू नये, ही आमच्या वडिलांची शिस्त होती आणि मी ती अजून मोडलेली नाही.

आठवड्यानंतरही घड्याळ फिरत असेल, तर मात्र एक कडी काढावीच लागेल. सैल घड्याळ नुसतं अडचणीचं नसतं. ते दिवसभर हलतं, त्या हलण्यानं कड्यांच्या सांध्यातले दांडे झिजतात आणि वर्षांनी चेन लोंबायला लागते. जुनी ज्युबिली आडवी धरली की ती दोरीसारखी खाली वाकते ना, त्यामागे वर्षानुवर्षांची हीच झीज असते. डेटजस्ट १९४५ साली आलं तेव्हा ही चेन त्याच्यासाठीच बनवली होती. पाच तुकड्यांच्या छोट्या छोट्या कड्यांमुळे ती हातावर कापडासारखी पडते, पण सांधे जास्त म्हणजे झिजायच्या जागाही जास्त.

आता तुमच्या चेनच्या कड्या जोडल्या कशा आहेत ते बघू, कारण घरी करायचं की बाहेर, हे त्यावरच ठरतं. काही चेनमध्ये साध्या दुभंगलेल्या पिना असतात, काहींत पिन आणि नळी, काहींत स्क्रू. रोलेक्समध्ये स्क्रू. क्लास्पच्या आसपासच्या काही कड्यांच्या कडेला बारीक खाच दिसेल, तेवढ्याच निघतात. त्या स्क्रूला साधारण १.६ मिलिमीटर रुंदीची पात लागते. रुंदी जुळून भागत नाही, जाडीही जुळावी लागते. पात खाचेत तळापर्यंत जाऊन कुठेही डुगडुगता कामा नये. संचातल्या स्क्रूड्रायव्हरची पात पाचरीसारखी उतरती असते, खाचेच्या फक्त वरच्या कडांना धरते. जोर लावला की ती वर सरकते आणि निसटते.

निसटणं म्हणजे काय ते मी १९८७ साली शिकलो. वडिलांच्या दुकानात बसायला लागून वर्ष झालं नव्हतं. एका वकिलांचं सोनं-स्टीलचं घड्याळ चेन छोटी करायला आलं होतं. स्क्रू जरा कडक होता आणि माझी पात जरा पातळ होती. मी अंगठ्यानं दाबून फिरवलं, आणि ती खाचेतून उडून मधल्या चकचकीत सोन्याच्या कडीवरून गेली. ‘खर्र’ असा बारीक आवाज झाला. सहाएक मिलिमीटरचा चरा. मी तो अंगठ्यानं झाकला. वडिलांनी शेजारच्या टेबलावरून हात पुढे केला, आयग्लास (डोळ्याला लावायचं भिंग) लावून पाहिलं आणि काही बोलले नाहीत. संध्याकाळी वकील आले तेव्हा त्यांनी स्वतः घड्याळ समोर ठेवलं, चरा दाखवला आणि पॉलिशचा खर्च आपल्याकडे घेतला. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे तेल लावलेला दगड आणि दुकानातले सगळे स्क्रूड्रायव्हर आले. आठवडाभर मी फक्त पाती घासत होतो. पात दगडावर दोन्ही बाजूंनी सपाट करायची, मग खाचेत उभी घालून हात सोडायचा. स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या वजनानं खाचेत घट्ट उभा राहिला तर पास.

सोन्याचा तो चरा तुमच्या घड्याळावरही तसाच पडेल. १८ कॅरटचं सोनं स्टीलपेक्षा मऊ, आणि ज्युबिलीच्या मधल्या तीन ओळी सोन्याच्याच. पॉलिश केल्यावर चरा जातो हे खरं, पण पॉलिश म्हणजे धातू खरवडून काढणं. कडीच्या कडा गोल होतात, शेजारच्या कड्यांशी तिचा चकाकीचा मेळ राहत नाही.

दुसरी गोष्ट आट्यांना लावलेल्या गोंदाची. हलण्यानं स्क्रू सैल होऊन गळू नये म्हणून आट्यांना थेंबभर लॉकिंग द्रव लावलेला असतो. तो वाळला की स्क्रू जणू कडीचाच भाग होतो. तुमच्या चेनमधला तो बहुतेक स्क्रूंवर अजून जसाच्या तसा असेल, कारण शोरूममध्ये दोन कड्या काढल्या तेवढी जागा सोडली तर बाकीच्या कड्या कधी निघालेल्याच नाहीत. असा स्क्रू थंड असताना जबरदस्तीनं फिरवला तर खाचेच्या कडा चुरतात, आणि खाच चुरलेला स्क्रू मग ड्रिलनंच काढावा लागतो. काम जाणणारा आधी ऊब देतो. हेअर ड्रायर त्या कडीवर दोन-तीन मिनिटं, घड्याळाचं डोकं मऊ कापडात गुंडाळून दूर ठेवून, म्हणजे आतल्या रबराच्या वॉशरना आणि तेलाला आच लागत नाही. गोंद मऊ झाला की स्क्रू पहिल्या पाव फेऱ्याला ‘कर्र’ करून सुटतो. तो सुटताना हाताला जे जाणवतं ते शब्दात सांगता येत नाही. तुम्हाला लेन्स बसल्याचं जसं बोटांना कळत असेल, तसंच काहीसं.

म्हणून माझा सल्ला असा. ही कडी शोरूममध्येच काढून घ्या. घड्याळ अजून ५ वर्षांच्या हमीत आहे, आणि चुकीच्या हाताळणीनं झालेलं नुकसान हमीत धरत नाहीत. जिथून घेतलं तिथं अशा कामाचे सहसा पैसेही पडत नाहीत. यजमानांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त त्यामागचं कारण तुमचा हात नाही. पंचवटी एक्सप्रेसनं सकाळी निघून रात्रीपर्यंत परत येता येईल. कुरिअरनं मात्र पाठवू नका. एका कडीसाठी एवढं घड्याळ दुसऱ्याच्या हाती प्रवासाला सोडू नये.

शोरूममध्ये गेल्यावर नुसतं घड्याळ देऊन सोफ्यावर बसू नका. समोर बसून बघू द्या म्हणावं. आत नेऊन करणार असतील तर आधी कड्या मोजा आणि फोनवर दोन्ही बाजूंनी फोटो काढा, क्लास्पचाही. कुठल्या बाजूची कडी काढणार ते विचारा. क्लास्प मनगटाच्या खाली मधोमध यायला हवा. साधारणपणे ६ च्या आकड्याच्या बाजूला १२ च्या बाजूपेक्षा एखादी कडी कमी ठेवली की तो मधे येतो, पण प्रत्येकाचं मनगट वेगळं, तेव्हा हातावर घालूनच ठरवायचं. परत बसवताना स्क्रूला नवा लॉकिंग द्रव लावताय ना, हेही विचारा. आणि काढलेली कडी तिच्या स्क्रूसकट मागून घ्या. स्क्रू सोबत असल्याशिवाय ती कडी अर्धीच.

मुंबईला जाणं खरंच जमत नसेल, तर नाशिकमध्येही जाणते घड्याळजी आहेतच. दुकानाच्या झगमगाटावरून त्यांची पारख करू नका. टेबलाकडे बघा. स्क्रूड्रायव्हर मापानुसार लावून ठेवलेत का, पाती ताज्या घासलेल्या दिसतात का, दगड हाताशी आहे का, चेन धरायला लाकडी किंवा प्लास्टिकचा ठोकळा आहे का की घड्याळ उघड्या लोखंडी पट्टीवरच ठेवतात. तुमची चेन हातात घेतल्यावर त्यांनी आधी आयग्लास लावून खाच पाहिली, तर निश्चिंत बसा. ‘दोन मिनिटांत होईल’ म्हणत थेट पात घातली, तर नमस्कार करून उठा.

भाच्याचा संच वाया जाणार नाही. तुमच्या यजमानांकडे साध्या पिनांच्या चेनचं घड्याळ असेलच, टायटनचं किंवा दुसरं कुठलं. त्यावर हा संच चांगला चालतो, आणि तुम्हाला शिकायचं असेल तर सुरुवात तिथून करा. चेन उलटी धरली की कड्यांच्या आतल्या बाजूला बारीक बाण दिसतील. पिन बाणाच्या दिशेनं ढकलून बाहेर काढायची, आणि परत घालताना बाणाच्या उलट दिशेनं. पिनेचं एक टोक दुभंगलेलं असतं. ते शेवटी आत जायला हवं, कारण तेच फुगून पिन जागेवर धरून ठेवतं. उलटी घातली तर पिन आत जाते खरी, पण महिन्याभरात सरकत सरकत बाहेर डोकावते आणि एके दिवशी बसमध्ये घड्याळ हातातून गळतं. संचातली ढकलायची सुई पिनेच्या अगदी मधोमध टेकवा. जराशी तिरकी टेकली की ती वाकते किंवा मोडते. म्हणूनच संचात जादा सुया दिलेल्या असतात.

सायकोसारख्या काही घड्याळांत पिनेबरोबर एक नळी असते, जेमतेम मिलिमीटरभराची. इथे फार जणांची फसगत होते. पिन काढताना ती नळी मधल्या कडीतून गुपचूप खाली पडते. पांढरा नॅपकिन अंथरलेला नसेल तर दिसतही नाही, फरशीच्या फटीत जाते. तिच्याशिवाय पिन घातली तर ती सहज आतबाहेर सरकते. हाताला हलकी लागली की समजा, नळी कुठेतरी पडलीये, आणि शोधायला लागा. एकदा माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. चेन तीनदा घरी सुटली, तीनदा त्यांनी पिन पुन्हा ठोकली. नळी त्यांच्या शर्टाच्या खिशात, पहिल्याच दिवसापासून.

काम नेहमी काठ असलेल्या ताटात करा, तळाला पांढरा कपडा घालून. आणि क्लास्पजवळची स्प्रिंगची पिन काढताना सगळं पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा. ती दाबातून सुटली की उडते, आणि एकदा उडाली की खोलीभर शोधत बसावं लागतं. डोळ्यांच्या काळजीबद्दल तुम्हाला मी काय सांगणार. चष्मा लावा, एवढंच.

पुढच्या वर्षी गुडघा बरा होऊन वजन परत चढलं आणि कडी पुन्हा घालायची वेळ आली, तर तेव्हा मी तुम्हाला अडवणार नाही. तोवर स्क्रू एकदा निघून बसलेला असेल. पण मग हत्यारं नीट घ्या. घड्याळजींच्या सामानाच्या दुकानात स्वित्झर्लंड किंवा जर्मनीची १.६ मिलिमीटरची एक चांगली पात मिळते, आणि भाच्याच्या पूर्ण संचापेक्षा ती एकटी महाग पडेल. घ्या. क्लास्पला आणि शेजारच्या कड्यांना दोन पदरी टेप लावा, फक्त खाच उघडी ठेवा. आधी चेन कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशनं धुऊन कोरडी करा, चावी नीट आवळलेली आहे हे दोनदा बघून. खाचेत साचलेला घाम आणि मळ पातीला तळापर्यंत जाऊ देत नाही. मग ऊब, मग सरळ उभा दाब, आणि डावीकडे फिरवणं. पहिल्या प्रयत्नात हललं नाही तर पुन्हा ऊब. दुसऱ्यांदाही हललं नाही तर थांबायचं आणि घड्याळजीकडे जायचं. तिसऱ्या प्रयत्नातच खाच चुरते.

परत बसवताना आट्यांना जांभळा लॉकिंग द्रव टाचणीच्या टोकानं थेंबभर. लॉकटाइट २२२ हा बारीक स्क्रूंसाठीच असतो. लाल रंगाचा कधीही नाही, तो कायमचा धरायला बनवलेला आहे. आणि फेविक्विकसारखा झटपट गोंद तर चेनच्या आसपासही आणू नका. तो कड्यांच्या सांध्यात ओघळतो आणि चेन काठीसारखी ताठ होते. अशा दोन चेन मी सोडवल्या आहेत, अख्खा दिवस गेला प्रत्येकीला.

सोन्याची सगळी चेन असलेल्या, किंवा चेन आणि घड्याळाची धातूची डबी (केस) एकाच घडणीची असलेल्या घड्याळांबद्दलही वाचक विचारत असतात, ऑडेमार पिगेचं रॉयल ओक किंवा पाटेक फिलिपचं नॉटिलस यांसारख्या. तिथं घरी प्रयोग करायचा प्रश्नच येत नाही. त्या कड्यांच्या धारदार कडा आणि घासलेल्या-चकचकीत पृष्ठांचा मेळ यांतच त्या घड्याळाचं निम्मं मोल असतं, आणि एक चरासुद्धा लगेच नजरेत भरतो.

आता तुमच्याकडून एक काम. २०२३ मध्ये काढलेल्या त्या दोन कड्या कुठं आहेत, ते आज शोधा. शोरूमनं छोट्या पाकिटात घालून डब्यात ठेवल्या असतील, हमीच्या कार्डाजवळ. नसतील तर बिल घेऊन आधी त्यांना फोन करा. पुढे घड्याळ मुलीला द्यायचं ठरलं आणि तिचं मनगट मोठं निघालं, तर या कड्या लागतील. नव्या घ्यायच्या म्हटल्या तर सोन्याच्या कडीची किंमत सोन्यासारखीच मोजावी लागते.

आणि इझीलिंक उघडी होती की मिटलेली, ते मला नक्की कळवा.